नेब्रास्काच्या माळावर १६० एकरांचा दावा : जमीन निवडण्यापासून मालकीपत्रापर्यंत

अमेरिकेच्या होमस्टेड कायद्यावर अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. त्याचे सार थोडक्यात सांगता येते. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने सरकारी जमिनीपैकी १६० एकर निवडावेत, किरकोळ शुल्क भरावे, पाच वर्षे तेथेच राहून जमीन कसावी, आणि मग ती जमीन तिच्या नावावर व्हावी. हा व्यवहार प्रत्यक्षात कसा पार पडत असे ते मात्र कायद्याची कलमे वाचून कळत नाही. एकामागून एक येणारी कामे डोळ्यांसमोर आणली की कळते. म्हणून पुढील मार्गदर्शन १८७३ च्या सुमारास अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या मध्यभागी उतरणाऱ्या कुटुंबाला करावे, तसे लिहिले आहे. हा मार्ग आता बंद झालेला आहे : अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हा कायदा १९७६ मध्ये रद्द झाला आणि अलास्कात १९८६ पर्यंत चालला. तरीही तो काळ शिकवणाऱ्या किंवा त्यावर लिहिणाऱ्या मराठी माणसाला, तसेच तिकडे स्थायिक होऊन आपल्या घराखालच्या जमिनीची कुळकथा जाणून घेऊ इच्छिणाऱ्यालाही, हा क्रम उपयोगी पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सरकारी कागद या जमिनीला मोकळी म्हणत असले, तरी ती कधीच मोकळी नव्हती. प्लाट आणि लूप नद्यांच्या काठी पॉनी या मूळ रहिवासी जमातीची मातीची मोठी गोल घरे होती आणि त्यांच्या स्त्रिया नदीकाठच्या मऊ जमिनीत मका, घेवडा आणि भोपळा पिकवत असत. १८५७ च्या तहाने त्यांच्याकडे लूप नदीकाठचा एक राखीव पट्टा तेवढा उरला. ऑगस्ट १८७३ मध्ये लकोटा या दुसऱ्या मूळ जमातीच्या हल्ल्यात त्यांच्या शिकारी तांड्याची मोठी हानी झाली. आणि १८७५ पर्यंत ते दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, निघून गेलेले होते. दावेदाराला जे १६० एकर मिळाले, ते कोणाच्या तरी हातून सुटलेले होते, हे जाणूनच पुढचे सगळे वाचावे.

दावा कोण करू शकतो

दावेदार अमेरिकेचा नागरिक असावा, किंवा नागरिक होण्याचा इरादा त्याने न्यायालयात लेखी जाहीर केलेला असावा. त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेले नसावे, अशीही अट मूळ कायद्यात होती. अविवाहित प्रौढ स्त्री, विधवा आणि घटस्फोटिता यांना स्वतःच्या नावाने दावा करता येतो. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहितेला मात्र तो करता येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने कुटुंबप्रमुख नवरा असतो. यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने लढलेल्या सैनिकाला १८७२ च्या सुधारणेनुसार नोकरीचा काळ पाच वर्षांतून वजा करून मिळतो. किमान एक वर्ष राहणे त्यालाही चुकत नाही. सुरुवातीचे आणि शेवटचे मिळून शुल्क साधारण १८ डॉलर होते. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. बैल, गाडी, नांगर, बियाणे, विहिरीचे सामान आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य या सगळ्याचा खर्च शुल्काच्या कित्येक पट होतो, आणि पुष्कळ दावे या खर्चापायीच बुडतात.

नकाशा वाचणे आणि खुणेचा दगड शोधणे

येथील सगळी जमीन आधीच चौकोनांत मोजून ठेवलेली आहे. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोनाला टाउनशिप म्हणतात. तिचे ३६ सेक्शन पडतात, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा असतो, आणि त्याचा चौथा हिस्सा हाच दावेदाराचा १६० एकरांचा पाव सेक्शन. क्रमांक ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली ओळ पश्चिमेकडे ६ पर्यंत जाते, ७ क्रमांक ६ च्या बरोबर खाली येतो आणि ती ओळ पूर्वेकडे परतते. तासाच्या शेवटी नांगर वळवून शेजारून परत यावे, तशीच ही रचना आहे. १६ आणि ३६ हे सेक्शन शाळांसाठी राखलेले असतात. युनियन पॅसिफिक लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना वीस वीस मैलांपर्यंतचे विषम क्रमांकाचे सेक्शन रेल्वे कंपनीला दिलेले आहेत, आणि त्या पट्ट्यातील सम सेक्शनांत सामान्य दावेदाराला १६० ऐवजी ८० एकरच मिळतात. ही अट १८७९ पर्यंत टिकली. त्यामुळे रेल्वेजवळचे ८० एकर की दूरचे १६० एकर, हा पहिला खरा निर्णय असतो. धान्य स्थानकापर्यंत वाहून नेण्यात दोन दोन दिवस जातात, हे लक्षात घेता मोठे कुटुंब नसलेल्याने जवळचे ८० एकर पत्करावेत, असे माझे मत आहे.

सरकारी मोजणीदार ६६ फुटांची साखळी वापरतात. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल. महाराष्ट्रातील वाचकाला हे माप परके नाही, कारण आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे त्याच साखळीच्या अर्ध्या मापाचा आहे, आणि म्हणूनच ४० गुंठ्यांचा बरोबर एक एकर होतो. माळावर दगड क्वचितच सापडत असल्याने मोजणीदार कोपऱ्यावर मातीचा ढिगारा करतात, भोवती खड्डे काढतात आणि खुंट ठोकून किंवा कोळसा पुरून खूण ठेवतात. उंच गवतात ही खूण शोधणे सोपे नसते. एक खात्रीची खूण सापडली, की पुढचे अंतर गाडीच्या चाकाने मोजावे. चाकाच्या एका आरीला चिंधी बांधावी, चाकाचा घेर मोजून घ्यावा, आणि एकाने होकायंत्रावर नजर ठेवून गाडी सरळ हाकताना दुसऱ्याने चिंधीच्या फेऱ्या मोजाव्यात. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर साडेबारा फुटांहून किंचित जास्त भरतो, म्हणून अर्ध्या मैलाला, म्हणजे पाव सेक्शनच्या एका बाजूला, २१० फेऱ्या लागतात. कोपरा सापडेपर्यंत घराचा पाया काढू नये. घर शेजारच्या हद्दीत गेले, तर आपल्या जमिनीवर आपण राहिलोच नाही असे ठरू शकते आणि पाच वर्षे वाया जातात.

जमीन कोणती घ्यावी

नवखा माणूस सपाटी पाहतो. जाणत्याने आधी पाणी, मग गवत, मग सरपण आणि शेवटी सपाटी पाहावी. खोऱ्यातील जमिनीत हाताने खणलेल्या विहिरीला वीस-चाळीस फुटांवर पाणी लागते, तर वरच्या पठारावर शंभर-दोनशे फूट खाली जावे लागते. तेवढ्या खोलीतून रहाटाने पोहरा ओढून बैलांची तहान भागवणे म्हणजे घरातील एक माणूस रोज त्याच कामाला जुंपणे होय. ज्याला पठारावरच जमीन मिळेल, त्याने पवनचक्कीचे पैसे हाती येईपर्यंत पिंपांनी पाणी वाहून आणण्याची तयारी ठेवावी. पाणथळ जागेजवळचे उंच गवत चाऱ्याला, सरपणाला आणि घराच्या भिंतींनाही उपयोगी पडते, त्यामुळे पाव सेक्शनचा एखादा कोपरा पाणथळ असेल तर त्याला नाक मुरडू नये.

पावसाचा हिशेब सर्वांत महत्त्वाचा आहे. नेब्रास्कात पूर्वेकडून पश्चिमेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो, आणि कोझाड गावावरून जाणाऱ्या १०० व्या रेखांशाच्या आसपास तो वर्षाला साधारण वीस इंचांवर येतो. भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात नेमके हेच मांडले होते. या रेषेच्या पलीकडे सिंचनाशिवाय शेतीचा भरवसा धरता येत नाही आणि तेथे गुरे पाळून जगायचे असेल, तर एका कुटुंबाला २५६० एकर लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते त्या वेळी मानले गेले नाही. नांगरटीबरोबर पाऊसही पश्चिमेकडे सरकतो, असे जमीन विकणारे बिनदिक्कत सांगत होते, आणि काही ओल्या वर्षांनी त्यांचे म्हणणे खरे भासवले. १८९० आणि १८९४ च्या अवर्षणांनी या समजुतीची किंमत हजारो कुटुंबांकडून वसूल केली. माण-आटपाडीकडच्या शेतकऱ्याला वीस इंच पाऊस म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही : सरासरी कागदावर असते, पीक मात्र त्या त्या वर्षाच्या पावसावर येते. १६० एकर हे माप पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशातील शेतीवरून बेतलेले होते, त्यामुळे रेषेच्या पश्चिमेला फुकट मिळणारी जमीनही महाग पडते. शेवटी सरकारलाच १९०४ मध्ये पश्चिम नेब्रास्कापुरते हे माप ६४० एकरांपर्यंत वाढवावे लागले.

दावा नोंदवणे

जमीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दावा नोंदवू नये, आणि पाहिल्यावर उशीरही करू नये. मध्य नेब्रास्कासाठी भूमी कार्यालय ग्रँड आयलंड येथे आहे. तेथील नोंदवहीत तो पाव सेक्शन मोकळा आहे याची खात्री करून घ्यावी आणि वर्णन कागदावर स्वच्छ लिहून न्यावे, उदाहरणार्थ ‘सेक्शन २२ चा आग्नेय पाव, टाउनशिप १५ उत्तर, रेंज १८ पश्चिम’ (रेंज म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेने मोजलेला टाउनशिपांच्या उभ्या ओळीचा क्रमांक). एका आकड्याची चूक झाली, तरी दावा दुसऱ्याच माळावर जाऊन बसतो. जमीन स्वतःच्या वस्तीसाठी आणि लागवडीसाठी हवी आहे, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पावती मिळाली, की सहा महिन्यांच्या आत तेथे राहायला जावे.

घर : मुळांनी बांधलेल्या मातीच्या विटा

माळावर झाड नाही आणि विकतचे लाकूड परवडत नाही, म्हणून घर जमिनीतूनच कापून काढावे लागते. शतकानुशतके न मोडलेल्या या माळाच्या वरच्या थरात गवताच्या मुळांची इतकी घट्ट वीण असते, की माती एखाद्या जाड घोंगडीसारखी सलग उचलता येते. पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओलसर असताना, खास नांगराने सुमारे एक फूट रुंद आणि चार इंच जाड असे लांब पट्टे कापावेत आणि धारदार फावड्याने त्यांचे तीन-तीन फुटांचे तुकडे करावेत. त्या दिवशी भिंतीत जेवढे बसतील तेवढेच कापावेत. रात्रभर उघडे पडून वाळलेले तुकडे कडेने फुटतात.

तुकडे गवताची बाजू खाली करून रचावेत. दोन किंवा तीन तुकडे शेजारी शेजारी लावले, की दोन ते तीन फूट जाडीची भिंत होते. प्रत्येक थरात खालचे सांधे झाकले गेले पाहिजेत आणि दर तिसऱ्या-चौथ्या थराला तुकडे आडवे घालून दोन्ही बाजू एकमेकींत गुंतवल्या पाहिजेत. फटी मोकळ्या मातीने ठासून भराव्यात. फावड्याने भिंतीची आतली बाजू तासून सरळ करावी आणि चिकणमाती व राखेचे लिंपण द्यावे. दारा-खिडक्यांच्या चौकटी आधी उभ्या करून त्यांच्याभोवती भिंत चढवावी. मात्र चौकटीच्या वर चार-सहा इंचांची फट सोडून ती चिंध्यांनी भरावी, कारण वर्षभरात भिंत स्वतःच्या वजनाने खचते आणि फट नसेल तर खिडकीची काच तडकते. हा बारकावा न पाळल्याने कित्येकांच्या विकत आणलेल्या एकुलत्या एका खिडकीचा चुराडा झाला आहे.

छतावर काटकसर करू नये. दोन्ही टोकांना मेढी पुरून त्यांवर देवदाराचे किंवा कॉटनवूडचे आढे टाकावे, वासे, काटक्या आणि गवत घालून वर मातीचे तुकडे पसरावेत. आपल्याकडच्या धाब्याच्या घराला असते तशीच अडचण येथेही असते. पाऊस संपल्यानंतरही दोन दिवस छत ठिबकत राहते, आणि ओल्या मातीचे वजन आढ्याला पेलले नाही, तर ते झोपलेल्या माणसांवर कोसळते. आढ्याला मधोमध एक खांब द्यावाच. आतून कापडाचा चांदवा ताणून बांधला, की माती, उंदीर आणि छतातून डोकावणारे साप ताटात पडत नाहीत. सोळा फूट रुंद आणि वीस फूट लांब घराला अर्धा ते एक एकर माळ सोलावा लागतो. असे घर उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार राहते आणि वणव्यात सहसा जळत नाही. सॉलोमन बुचर यांनी १८८६ पासून कस्टर परगण्यात काढलेल्या छायाचित्रांत अशी घरे आणि त्यांच्यापुढे आपली गाय, कलिंगडे, शिवणयंत्र मांडून बसलेली कुटुंबे आजही पाहता येतात.

पहिले वर्ष

माळ मोडण्याचा योग्य काळ मे-जून हा आहे, कारण गवत वाढीला लागलेले असताना उलथले, तर मुळे लवकर कुजतात. दोन-तीन इंचांहून खोल जाऊ नये. दोन-तीन बैलजोड्या जुंपूनही दिवसाला एक-दोन एकर झाले तरी पुष्कळ समजावे. उलथलेल्या थरात कुऱ्हाडीने चीर पाडून मक्याचे दाणे टाकावेत. पीक बेताचेच येते, पण गुरांना वैरण होते. सगळी भिस्त मक्यावर ठेवू नये. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडून टोळधाड आली, तेव्हा लवकर काढणीला येणारा गहू बऱ्याच जणांच्या हाती लागला होता, पण उभा मका बुडख्यापर्यंत फस्त झाला. टोळांनी अवजारांच्या घामट दांड्या कुरतडल्या आणि कांदे जमिनीतून पोखरून खाल्ले. धुराचा किंवा चादरी झाकण्याचा त्यांच्यापुढे उपयोग झाला नाही. पीक गेलेल्या दावेदारांना मजुरीसाठी काही काळ दूर जाता यावे, म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, गैरहजेरीची सवलत दिली.

सरपणासाठी बायसन जातीच्या रानगव्यांच्या वाळलेल्या रानशेण्या आधी वेचाव्यात. त्या एक-दोन वर्षांत संपतात, मग गुरांच्या गोवऱ्या, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि वाळलेल्या गवताचे पिळे यांवर भागवावे लागते. गवताचा पिळा काही मिनिटांतच जळून जातो, त्यामुळे थंडीत एक जण चुलीपाशी आणि एक जण पिळे वळायला, अशी दोन माणसे अडकतात. सप्टेंबरपासून माळ वाळतो. घर आणि गवताच्या गंजींभोवती काही अंतराने नांगराच्या तासांची दोन वर्तुळे काढून, वारा नसताना मधला पट्टा जाळून टाकावा. आपल्या वनखात्याच्या जाळरेषेसारखीच ही रीत आहे. हिवाळ्यापूर्वी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवावा. १२ जानेवारी १८८८ च्या हिमवादळाची सकाळ उबदार होती. दुपारनंतर आलेल्या वादळात शाळेतून घरी निघालेली मुले अंगणाच्या अंतरावर वाट चुकून गोठली.

पाच वर्षे टिकून राहणे

सलग सहा महिन्यांहून अधिक काळ जमीन सोडली, तर दावा टाकून दिला असे मानले जाते, आणि दुसरा कोणीही कार्यालयात तशी तक्रार करू शकतो. म्हणून रेल्वेच्या किंवा दुसऱ्याच्या शेतातील मजुरीला जाताना घरातील एकाने तरी मागे राहावे. एकट्या राहणाऱ्या दावेदारांनी, विशेषतः स्त्रियांनी, एक चांगली युक्ती शोधली होती. शेजारच्या चार पाव सेक्शनांचा जो सामाईक कोपरा असतो, त्याच्या जवळ प्रत्येकाने आपापल्या हद्दीत घर बांधायचे. कायदाही पाळला जातो आणि हाकेच्या अंतरावर माणूसही राहतो.

सहा महिने राहिल्यावर एकरी सव्वा डॉलर भरून जमीन लगेच नावावर करण्याची सोय कायद्यात आहे. सावकार या सोयीसाठी पैसे पुढे करतात. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार मालकीपत्र मिळण्यापूर्वीच्या कर्जापोटी ही जमीन जप्त करता येत नाही, पण घाईने मालकी घेऊन ती गहाण टाकली की हे संरक्षण निसटते. पाच वर्षे काढण्यासारखी असतील, तर ती काढावीत. पैसे भरून सुटका करून घेणे हा शेवटचा उपाय समजावा.

अंतिम पुरावा

पाच वर्षे झाल्यावर, आणि सात वर्षे उलटण्यापूर्वी, अंतिम पुरावा द्यावा लागतो. १८७९ पासून त्याची सूचना जमिनीजवळच्या वर्तमानपत्रात छापणे बंधनकारक झाले. साक्षीदार दोन हवेत, आणि ते वस्तीला वारंवार येणारे शेजारी असावेत, कारण घर किती लांब-रुंद आहे, किती एकर मोडले, विहीर किती खोल आहे, कुटुंब केव्हा बाहेर होते, असे बारीक प्रश्न विचारले जातात. परदेशातून आलेल्याने तोपर्यंत नागरिकत्वाचा दाखला मिळवलेला असलाच पाहिजे. नुसत्या इराद्यावर मालकी मिळत नाही, आणि ऐन वेळी याच कागदावाचून माणसे अडून बसतात. पुरावा मान्य झाला, की अंतिम प्रमाणपत्र मिळते आणि काही महिन्यांनी अध्यक्षांच्या नावाने मालकीपत्र येते. त्याला तेथे पेटंट म्हणतात. ते परगण्याच्या नोंदवहीत ताबडतोब चढवून घ्यावे. येथून पुढे जमिनीवर कर बसतो.

आज एखाद्या जमिनीचा हा इतिहास शोधायचा असेल, तर अमेरिकेच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर नावाने किंवा टाउनशिप, रेंज आणि सेक्शनच्या क्रमांकाने मालकीपत्राची प्रतिमा मिळते. तिच्यावरचा अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक आणि भूमी कार्यालयाचे नाव टिपून घ्यावे. १९०८ पूर्वीच्या दाव्याची संपूर्ण धारिका त्या दोन नोंदींच्या आधारे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येते. तिच्यात अर्ज, पावत्या आणि नागरिकत्वाचे कागद असतात, पण सर्वांत आधी दावेदाराची व दोन साक्षीदारांची उत्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. घराचे माप, विहिरीची खोली आणि मोडलेल्या माळाचे एकर त्यांत तिघांच्या तोंडून नोंदलेले सापडतात.